धाब्याचा कठडा

मोशेच्या नियमशास्त्रात एक लहानसा नियम आहे. आपल्या उपासनेत तो क्वचितच वाचला जातो, आणि त्याच्यावर केलेला उपदेश मी तरी आजवर ऐकलेला नाही. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, पाखरांच्या घरट्याविषयीचा नियम आणि द्राक्षमळ्यात मिश्र बी न पेरण्याचा नियम यांच्या मध्ये तो येतो (अनुवाद २२:८). जो नवे घर बांधील त्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर वरून कोणी पडून मेल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येईल, असा त्याचा भावार्थ आहे. त्या देशात घरांची छपरे सपाट असत आणि माणसांचा निम्मा संसार धाब्यावर चाले. राहाबेने हेरांना लपविले ते धाब्यावर पसरलेल्या जवसाच्या काडांत. यापो येथे पेत्र प्रार्थनेला गेला तो धाब्यावरच.

या नियमात मला नेहमी एक गोष्ट विशेष वाटते. घरमालकाने कोणाला ढकललेले नाही. त्याच्या मनात कोणाविषयी वैर नाही. पडणारा कोण, तो केव्हा पडेल, पडेल की नाही, हे त्याला मुळीच ठाऊक नाही. तरीसुद्धा कठडा न बांधणे हा दोष आहे, आणि कर्तव्य आहे ते कोणी पडण्याच्या आधीचे. घर बांधतानाच, ज्याचे तोंड आपण पाहिलेले नाही अशा माणसाचा विचार करायचा.

या लहान नियमाची आठवण मला एक्स-रेच्या खोलीने करून दिली. मी अनेक वर्षे त्या खोलीत काम केले. आज निवृत्त आहे. तेथे घडलेली एक गोष्ट मनातून जात नाही, आणि तिच्या निमित्ताने एक प्रश्न वाचकांपुढे ठेवावासा वाटतो. जी इजा डोळ्यांना दिसत नाही, जी कदाचित कधी होणारही नाही, आणि झाली तरी ती आपल्यामुळे झाली असे कोणी सिद्ध करू शकणार नाही, तिच्याविषयी आपण देवापुढे आणि माणसापुढे उत्तरदायी आहोत काय?

देणगी आणि तिची किंमत

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे प्राध्यापक विल्हेल्म राँटगेन यांना हे अदृश्य किरण आढळले. डिसेंबरात त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात हाडे आणि बोटातली अंगठी तेवढी दिसत होती. या शोधाचे पेटंट घेण्यास त्यांनी नकार दिला. १९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, तेव्हा ती रक्कमही त्यांनी विद्यापीठाला देऊन टाकली. अशा निःस्वार्थ हातांनी ही देणगी जगाला मिळाली. तेव्हापासून किती मोडलेली हाडे सरळ बसली, किती क्षयरोग्यांचे निदान वेळेवर झाले, याची गणती नाही. आपल्या मिशन इस्पितळांनीही ही सेवा गोरगरिबांपर्यंत पोहोचविली. म्हणून या लेखातून कोणी एक्स-रेची धास्ती घेऊ नये, हे आधीच सांगून ठेवतो.

परंतु या देणगीची किंमत कोणीतरी मोजली. थॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेत क्लॅरन्स डॅली नावाचा मदतनीस होता. नळी नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी तो वारंवार आपलाच हात किरणांपुढे धरी. आधी त्वचा भाजली, मग कर्करोग झाला, हात कापावे लागले आणि १९०४ साली तो मरण पावला. एडिसन यांनी हे काम सोडूनच दिले. सॅन फ्रान्सिस्को येथील एलिझाबेथ फ्लाइशमन या बाईंनी १८९८ च्या युद्धातील जखमी सैनिकांची चित्रे घेतली. १९०५ साली त्याही अशाच रोगाने गेल्या. जर्मनीत हँबर्ग येथील सेंट जॉर्ज इस्पितळाच्या आवारात १९३६ साली अशा हुतात्म्यांचे एक स्मारक उभारण्यात आले. प्रथम त्यावर दीडशेहून अधिक नावे होती, १९५९ पर्यंत ती ३५९ झाली. डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ आणि शास्त्रज्ञ अशी अनेक देशांतील माणसे त्यात आहेत.

हे सारे अज्ञानामुळे झाले असे म्हणून आपण सुटतो. ते पूर्ण खरे नाही. बोस्टनचे दंतवैद्य विल्यम रॉलिन्स यांनी १९०१ सालीच गिनीपिगांवर प्रयोग करून दाखविले की हे किरण जीव घेऊ शकतात. नळी किरण अडविणाऱ्या पेटीत ठेवा, डोळ्यांवर शिसेयुक्त काच लावा, रोग्याचा जेवढा भाग पाहायचा तेवढ्यावरच किरण पडू द्या, असे त्यांनी सांगितले. आज आपण जे नियम पाळतो त्यांतील बरेचसे त्यात आले आहेत. पण फार थोड्यांनी ते ऐकले. आंतरराष्ट्रीय पातळीवर संरक्षणाची समिती नेमली गेली ती १९२८ साली, स्टॉकहोमच्या परिषदेत. मधली सत्तावीस वर्षे केवळ अज्ञानाची नव्हती. ऐकून न ऐकल्यासारखे करण्याचीही ती होती.

दोन प्रकारची इजा

किरणांची इजा दोन प्रकारची असते. पहिली मोठ्या मात्रेने होणारी: त्वचा भाजते, केस गळतात, डोळ्यांत मोतीबिंदू होतो. तिला काही एक सीमा आहे, त्या सीमेच्या खाली ती होत नाही. डॅलीला झाली ती ही इजा. आजच्या साध्या एक्स-रेमध्ये ती होत नाही.

दुसरी इजा वेगळी आहे. किरणांमुळे पेशीतील सूक्ष्म रचनेत बिघाड होतो. बहुतेक वेळा शरीर तो दुरुस्त करते. एखादा बिघाड तसाच राहिला तर पुष्कळ वर्षांनी त्यातून कर्करोग उद्‌भवू शकतो. येथे मात्रा वाढली की रोगाची तीव्रता वाढत नाही, रोग होण्याचा संभव वाढतो. ही जणू सोडत आहे. जितक्या चिठ्ठ्या अधिक, तितका आपले नाव निघण्याचा संभव अधिक. या विषयीचे आपले बरेचसे ज्ञान हिरोशिमा आणि नागासाकी येथील वाचलेल्या लोकांकडून आले आहे, ज्यांचा अभ्यास १९५० पासून सतत चालू आहे. त्या दुर्दैवी माणसांच्या शरीरांनी आपल्याला हे शिकविले आहे, याची जाणीव ठेवून ते आकडे वापरावेत.

त्या अभ्यासावरून असा अंदाज केला जातो की १० मिलिसिव्हर्ट एवढ्या मात्रेने सुमारे दोन हजारांत एकाला पुढे प्राणघातक कर्करोग होण्याचा संभव वाढतो. अगदी अल्प मात्रेला हाच हिशेब लागू पडतो की नाही याविषयी शास्त्रज्ञांत वाद आहे. परंतु संरक्षणाचे नियम करताना, निखालस सुरक्षित अशी मात्रा नाही, असेच धरून चालतात. तुलनेसाठी सांगतो. जमीन, आकाश, हवा आणि अन्न यांतून जगातील माणसाला दरवर्षी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. चांगल्या यंत्रावर काढलेल्या छातीच्या एका फोटोची मात्रा ०.०२ ते ०.०५, म्हणजे तीन दिवसांपासून आठवडाभरापर्यंतच्या नैसर्गिक मात्रेइतकी. पोटाच्या सी.टी. स्कॅनची मात्रा मात्र ८ ते १० च्या घरात जाते, म्हणजे छातीच्या शेकडो फोटोंएवढी.

आणि ही इजा किती लपून राहू शकते याचे एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये डॉक्टर अ‍ॅलिस स्ट्युअर्ट यांनी १९५० नंतरच्या दशकात एक साधी गोष्ट केली. कर्करोगाने मुले गेली अशा आयांना आणि ज्यांची मुले निरोगी होती अशा आयांना त्यांनी सारखेच प्रश्न विचारविले. मुले गमावलेल्या आयांपैकी जवळजवळ दुप्पट जणींच्या पोटाचे एक्स-रे गरोदरपणी काढलेले होते. १९५६ आणि १९५८ साली हे प्रसिद्ध झाले. वैद्यकीय जगाने ते सहजासहजी मान्य केले नाही. पुढे १९६२ साली अमेरिकेतील दुसऱ्या एका अभ्यासाने पुष्टी दिली, तरीही जुनी सवय मोडायला बरीच वर्षे गेली. ज्या डॉक्टरांनी ते फोटो काढविले ते वाईट नव्हते. बाळंतपण सुखरूप व्हावे म्हणूनच त्यांनी ते केले होते. त्यांच्यापैकी एकालाही आपल्या हातून इजा झालेले मूल दाखविता आले नसते. तरी ती मुले होती.

तीन नियम

संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने आज तीन तत्त्वे घालून दिली आहेत. आपल्या देशात १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ त्यांच्या आधारेच परवाने देते. ही तत्त्वे शास्त्राची म्हणून सांगितली जातात, परंतु तिन्ही मुळात नीतीची आहेत. आयोगाने २०१८ साली हे उघडच मान्य केले, आणि आपल्या व्यवस्थेच्या मुळाशी हित करणे व अहित टाळणे, दूरदर्शीपणा, न्याय आणि मानवी प्रतिष्ठा ही मूल्ये आहेत असे एका स्वतंत्र ग्रंथात मांडले.

पहिले तत्त्व असे की कारण असल्याशिवाय किरण वापरू नयेत. एके काळी युरोप-अमेरिकेत जोड्यांच्या दुकानांतून एक यंत्र असे. मुलाने त्यात पाय घातला की नव्या बुटात त्याची बोटे कशी बसली आहेत ते दिसे. मुलांना गंमत वाटे आणि दुकानदाराचा माल खपे. पाय जोड्यात बसतो की नाही हे अंगठ्याने दाबूनही कळते. तेवढ्यासाठी मुलांच्या हाडांतून किरण जात होते. आपण त्यांना हसू नये. आज रोगीच डॉक्टरांपाशी हट्ट धरतो की सी.टी. काढा म्हणजे मनाला बरे वाटेल. डॉक्टरही रोगी दुसरीकडे जाऊ नये म्हणून लिहून देतात. मनाला बरे वाटणे आणि रोग बरा होणे या दोन गोष्टींत फरक आहे.

दुसरे तत्त्व असे की कारण असले तरी मात्रा वाजवीपणे जितकी कमी ठेवता येईल तितकी ठेवावी. यातला वाजवी हा शब्द फार महत्त्वाचा आहे, आणि त्याच्याकडे पुढे पुन्हा येणार आहे.

तिसरे तत्त्व मर्यादेचे. किरणांपाशी काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक मात्रा मिळू नये, सामान्य माणसाला १ पेक्षा अधिक मिळू नये. रोग्याला मात्र अशी मर्यादा नाही. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. पण त्यात न्याय आहे. रोग्याला जी जोखीम येते तिचा लाभही त्यालाच मिळतो, म्हणून त्याच्या बाबतीत गरज हेच माप. काम करणाऱ्याला वेतन मिळते आणि आपण काय करतो हे त्याला ठाऊक असते, म्हणून त्याने थोडी जोखीम घ्यावी, पण मर्यादेत. जो केवळ भिंतीपलीकडे बाकावर बसला आहे त्याला लाभही नाही आणि माहितीही नाही, म्हणून त्याच्यासाठी मर्यादा सर्वांत कडक. जो लाभ घेतो त्याने भार घ्यावा, ज्याला लाभ नाही त्याच्यावर भार टाकू नये, अशी ही वाटणी आहे.

वाटणी उत्तम आहे. पण तिच्यातून एक माणूस निसटतो, आणि तो माझ्या खोलीत होता.

मावशी

ज्या लहान इस्पितळात मी नोकरीला लागलो ते सीमाभागातील एका गावी होते. त्याचे नाव सांगत नाही, कारण दोष मला माझाच सांगायचा आहे. एक यंत्र, एक अंधारी खोली, शिशाचा एक ॲप्रन. फिल्म हाताने धुवावी लागे. लहान मुलाच्या छातीचा फोटो काढणे हे सर्वांत अवघड काम. मूल रडते, हात झटकते, फोटो हलतो आणि पुन्हा काढावा लागतो. म्हणून कोणीतरी मुलाला धरून ठेवायचे. मुलाची आई घाबरलेली, तिचे हात थरथरत. इस्पितळात एक आया होत्या, सगळे त्यांना मावशी म्हणत. त्यांच्या हातात मूल गेले की निम्मे शांत होई. मी दारातून हाक मारायचो, "मावशी, या जरा," आणि त्या पदर खोचून येत. त्या मुलाला धरत. मी ॲप्रन घालून आडोशामागे जाई आणि बटण दाबी.

हे एकदा-दोनदा झाले असते तर गोष्ट निराळी होती. हे वर्षानुवर्षे झाले. माझ्या छातीवर बॅज असे, तो दर तीन महिन्यांनी तपासणीला जाई आणि माझी मात्रा कागदावर येई. मावशींना बॅज नव्हता, कारण कागदोपत्री त्या किरणांपाशी काम करणाऱ्या नव्हत्याच. त्या झाडलोट करणाऱ्या, भांडी उचलणाऱ्या. रोगीही नाहीत, तंत्रज्ञही नाहीत, बाकावरचे पाहुणेही नाहीत. नियम असा की धरण्याचे काम एकाच माणसाकडे पुनःपुन्हा देऊ नये. शक्य तर पट्ट्यांनी किंवा वाळूच्या पिशव्यांनी मुलाला स्थिर करावे. ते जमले नाही तर मुलाच्या नातेवाइकाने, गरोदर नसलेल्याने, ॲप्रन घालून, किरणांच्या झोताबाहेर हात ठेवून धरावे. हा नियम मी परीक्षेत लिहिला होता. ॲप्रन एकच होता, आणि तो मी घालत होतो. मी तर आडोशामागे उभा असे, तेथे मला त्याची गरजही नव्हती.

ही शेवटची गोष्ट मला पुष्कळ वर्षांनी उमगली. ॲप्रन माझ्या अंगावर होता तो केवळ माझे नाव हजेरीपटात तंत्रज्ञ म्हणून होते म्हणून.

मावशींना काही झाले का? नाही. त्या आज सत्तरीच्या पुढे आहेत आणि धडधाकट आहेत. मी जमेल तसा हिशेबही करून पाहिला. प्रत्येक वेळी त्यांना मिळालेली मात्रा अगदीच अल्प असणार, सर्व वर्षांची बेरीज केली तरी ती फार मोठी होत नाही. एका जुन्या सहकाऱ्यापाशी मी हा विषय काढला तेव्हा तो म्हणाला, "झालं का काही त्यांना? मग कशाला उकरून काढतोस?" येथेच माझा मूळ प्रश्न उभा राहतो. काही झाले नाही, मग दोष कसला?

काही झाले नाही, तरी

कठड्याच्या नियमाकडे पुन्हा पाहू. समजा, एकाने कठडा बांधला नाही आणि त्याच्या धाब्यावरून जन्मात कोणी पडले नाही. दुसऱ्यानेही बांधला नाही आणि त्याच्या घरी पाहुण्याचे पोर पडून मेले. दोघांच्या कृतीत काय फरक? काहीच नाही. फरक घडलेल्या गोष्टीत आहे, आणि ती दोघांच्याही हातात नव्हती. पहिला निर्दोष ठरला तो वाऱ्यामुळे, पावसामुळे, पोरांच्या खेळामुळे. आपले निर्दोषत्व दुसऱ्यांच्या नशिबावर टांगलेले असेल तर ते आपले म्हणता येत नाही. घडलेल्या गोष्टीबद्दल देवाचे आभार मानावेत, स्वतःची पाठ थोपटू नये.

मावशींच्या बाबतीत माझी चूक कोठे झाली, हे मी स्वतःला विचारले. ती मात्रेच्या आकड्यात नव्हती. मी मनात एक वाटणी केली होती, तिच्यात होती. माझ्या शरीराला राखायचे आणि त्यांच्या शरीराचा हिशेबही ठेवायचा नाही, असे मी न बोलता ठरविले होते. त्या गरीब होत्या, शिकलेल्या नव्हत्या, विचारणार नव्हत्या. त्यांना मी सांगितलेही नाही. काइनाने देवाला जो उलटा प्रश्न केला तो रक्त सांडून झाल्यावर. आपण तो रोज करतो, आणि रक्त कोठेही दिसत नसल्यामुळे आपल्याला तो काइनाचा प्रश्न आहे हे कळतही नाही.

काही वाचक म्हणतील की ख्रिस्ती माणसाने एवढे भ्यावे कशाला, राखणारा देव आहे. हे म्हणणारे श्रद्धाळू असतात, म्हणून त्यांना आदराने उत्तर दिले पाहिजे. सैतानाने प्रभूला मंदिराच्या शिखरावर उभे करून, देवदूत झेलतील, उडी टाक, असे सुचविले होते. प्रभूने उडी टाकली नाही. पित्यावर त्याचा भरवसा कमी होता म्हणून नव्हे. भरवसा ठेवणे वेगळे आणि परीक्षा पाहणे वेगळे, म्हणून. येथे तर आणखी एक गोष्ट आहे. प्रभूला मोह पडला तो स्वतः उडी टाकण्याचा. आपण दुसऱ्याला कडेला उभे करतो आणि देव राखील असे म्हणतो. दुसऱ्याच्या जिवावर केलेली ही श्रद्धा नव्हे.

उलट बाजूचीही एक चूक आहे. रेडिएशनचे नाव काढताच काही जण एवढे घाबरतात की गरज असलेला फोटोही काढू देत नाहीत. गरोदर बाईचा हात मोडला आणि घरच्यांनी एक्स-रे नको म्हणून हट्ट धरला, हे मी पाहिले आहे. हाताच्या फोटोने पोटातल्या बाळाला मिळणारी मात्रा जवळजवळ शून्य असते. मोडलेला हात वाकडा बसला तर ती आई ते बाळ उचलणार कशाने? भीतीपोटी केलेली हानी ही देखील हानीच. कठडा बांधायचा तो धाबे वापरता यावे म्हणून. धाब्यावर जाण्याचा रस्ता बुजवावा असे नियमशास्त्र सांगत नाही.

वाजवी म्हणजे किती?

मात्रा वाजवीपणे कमी ठेवा असे तत्त्व सांगते. कोणाच्या मते वाजवी? आमच्यासारख्या गरीब इस्पितळांत हेच उत्तर तयार असते की साधने नाहीत, पैसा नाही. त्यात तथ्य आहे. पण मी माझ्या खोलीचा हिशेब मांडला तर असे दिसते की बहुतेक संरक्षणाला पैसा लागतच नव्हता. अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाईवर येते. दोन पावले मागे सरायला पैसे पडत नाहीत. झोत जेवढा हवा तेवढाच ठेवावा, ही एक कळ फिरविण्याची गोष्ट आहे. मुलाच्या बापाला दोन मिनिटे समजावून सांगितले तर फोटो पहिल्याच वेळी चांगला येतो. आणि ॲप्रन एकच असला तरी तो कोणाच्या अंगावर असावा हे ठरवायला कोणत्या देणगीची वाट पाहायची होती? शिशाचा ॲप्रन विखुरलेल्या किरणांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक अडवितो. तो माझ्या अंगावरून मावशींच्या अंगावर जाण्यासाठी लागत होते ते एवढेच, की मला त्या दिसायला हव्या होत्या.

वाजवी काय हे ठरविताना, ज्याच्यावर भार पडतो तो त्या खोलीत हजर आहे असे समजून बोलावे. मावशींच्या तोंडावर, तुमच्यासाठी दुसरा ॲप्रन घेणे वाजवी नाही, असे मी म्हणू शकलो असतो काय? जे तोंडावर म्हणता येत नाही ते माघारीही वाजवी नसते.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. कठडा नुसता दिसण्यापुरता असू नये. पुष्कळ वर्षे आम्ही रोग्याच्या कंबरेवर शिशाचा तुकडा ठेवीत होतो. २०१९ साली अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने ही नित्याची पद्धत सोडावी असे सांगितले, आणि पुढे इतरांनीही तसेच मत दिले. आजच्या यंत्रांवर त्याचा लाभ नगण्य असतो. तुकडा सरकला तर जे पाहायचे तेच झाकले जाऊन फोटो पुन्हा काढावा लागतो, आणि काही यंत्रे तर शिसे आड आले की आपोआप मात्रा वाढवितात. काळजी घेतल्याचे समाधान आपल्याला मिळते आणि भार रोग्यावर पडतो. ज्यांना परंपरा प्रिय आहे अशा आपणा सर्वांनाच ही गोष्ट शिकण्यासारखी आहे. कठडा जेथे कडा आहे तेथे हवा. कडा सरकली तर कठडाही सरकवावा.

आपण काय करावे

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ बंधुभगिनी इस्पितळांत काम करतात. काही जण त्यांच्या समित्यांवर आहेत, आणि आपण सर्व जण कधी ना कधी रोगी किंवा रोग्याचे नातेवाईक असतोच. म्हणून थोडे व्यवहाराचे लिहितो.

डॉक्टरांनी एक्स-रे किंवा सी.टी. सांगितला तर तो कशासाठी आणि त्याने उपचारात काय फरक पडेल, हे नम्रपणे विचारावे. चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही. आधीचे फोटो जपून ठेवावेत आणि बरोबर न्यावेत, म्हणजे तेच पुन्हा काढावे लागत नाही. बाई गरोदर असेल किंवा तसा संशय असेल तर लाज न धरता आधीच सांगावे. गरज असल्याचे समजले तर मग भिऊ नये. आपल्या मुलाला धरण्यास सांगितले तर ॲप्रन मागून घ्यावा. आणि आपल्याऐवजी कोणी आया किंवा वॉर्डबॉय धरत असेल तर आपण पुढे व्हावे. मूल आपले आहे, लाभ आपला आहे.

समितीवर असलेल्यांनी वर्षातून एकदा एक्स-रेच्या खोलीत स्वतः जाऊन पाहावे. परवाना आहे काय, बॅज सर्वांना आहेत काय, ते छातीवर आहेत की खिळ्याला टांगलेले आहेत, दार लागते काय, ॲप्रनला चिरा पडल्या आहेत काय. आणि एक प्रश्न अवश्य विचारावा: मुले कोण धरते? आपण नव्या इमारतीचे उद्‌घाटन करतो, कोनशिलेवर नावे घालतो, प्रार्थना करतो. धाबे बांधून झाले. त्याला कठडा आहे की नाही हे पाहणे हाही त्या समर्पणाचाच भाग आहे.

शेवटी एक राहिले. गेल्या नाताळाच्या आधी मी मावशींच्या घरी गेलो आणि त्यांना सारे सांगितले. ॲप्रन काय असतो, किरण काय असतात, मी काय केले नाही. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी हात थांबविला नाही. सगळे ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "मला कळलं असतं तरी बी मी धरलंच असतं की लेकराला. पण सांगाय पायजे हुतं की वो भाऊ." मग त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितला.

त्यांनी मला क्षमा केली असे मी समजतो. त्या वाक्याचा दुसरा भाग मात्र मी बरोबर घेऊन आलो. त्या स्वखुशीने जे देण्यास तयार होत्या, ते मी न विचारता घेतले होते. दुसऱ्यासाठी जोखीम पत्करणे ही प्रीती आहे, आणि वधस्तंभाखाली उभे राहणाऱ्या आपणांस तिची ओळख असावी. परंतु प्रभूने आपला प्राण स्वतः होऊन दिला, तो कोणी त्याच्या नकळत घेतला नाही. ज्याला सांगितलेच नाही त्याच्याकडून त्याग घडत नाही. त्याचा वापर होतो.

ज्या वाचकांच्या हाताखाली कोणी मावशी, कोणी वॉर्डबॉय, कोणी मदतनीस काम करीत असेल, ते काम एक्स-रेचे असो, रंगाच्या भट्टीचे असो की शेतातील औषध फवारणीचे, त्यांनी त्याला आजच सांगावे. आणि सांगून झाल्यावर ॲप्रन कोणाच्या अंगावर आहे तेही पाहावे.